देठावरची लव

"नेचे सगळेच टोकाला गोगलगाईसारखे गुंडाळलेले. देठ चोळून बघ. लव लागली तर विषारी, टाक. गुळगुळीत असला, कटकन मोडला, तर आपल्या भाजीचा." लग्नानंतर ओढ्यावर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हे शिकवलं. त्यांची नजर गेली तरी भाजी त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय चुलीवर चढत नव्हती.

आज घाईत मी उतारावरून खुडलेला एक देठ त्यांच्या हातात गेला. उन्हात त्याची लव मला स्पष्ट दिसली. त्यांनी तो चोळला, मोडला आणि टोपलीत टाकला. "आपलाच गं."

मी तो गुपचूप काढून फेकला. तेव्हा त्यांच्या अंगठ्यावरचा फोड दिसला. चुलीचा चटका होता. फुटून पाणी वाहत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता.

दुपारी भाजी शिजताच त्यांनी ताट पुढं ओढलं. "आधी मी जेवते. उन्हं कलल्याशिवाय कुणी भाजीला शिवायचं नाही." पावसाळाभर त्यांचं हेच चाललं होतं, आणि पावसाळाभर मी शेजारणीपाशी म्हातारीच्या हावरटपणाला नावं ठेवत होते.

आज मी त्यांच्या ताटात हात घातला. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"आत्याबाई, बोटांना कधीपासून कळत नाही?"

"आखाडापासून." त्या घास चावत राहिल्या. "एवढंच काम उरलं होतं गं माझ्याकडं. तू थांब. मला काही झालं नाही, तर खा."