नजरेचा उतारा

आजवर नरमीनचं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. या खेपेलाही गेलं नाही, तर कुंचले कायमचे बांधून ठेवायचे, असं तिने ठरवलं होतं. म्हणून मार्चमध्ये कैरोत प्रदर्शन, मेमध्ये ट्युनिसला दुसरं, तिथे एका विणकरबाईंबरोबर मिळून केलेलं काम, अशी सगळी बातमी ती फेसबुकवर टाकायला बसली. आईने तिचा हात धरला.

"अगं, इतकं चांगलं उघड्यावर ठेवतात का? नजर लागेल. जोडीला काहीतरी वाईट लिही."

नरमीनने मुकाट्याने लिहिलं, ‘सध्या सर्दीने बेजार आहे.’

"दोन प्रदर्शनं, वर विणकरबाई, आणि एवढ्याला सर्दी पुरेल होय?" आईने फोन ओढून घेतला, सर्दी खोडली आणि लिहिलं, ‘डॉक्टरांनी हात टेकले आहेत. दुवा करा.’

मार्चमध्ये कैरोच्या उद्घाटनालाही आईने तिला जाऊ दिलं नाही. धडधाकट दिसली असती, तर उताऱ्यावर पाणी पडलं असतं.

त्याच संध्याकाळी गॅलरीच्या शुक्रीसाहेबांचा फोन आला. "मबरूक, अभिनंदन मॅडम! शेवटची चित्रं म्हणून लोक तुटून पडले. भिंती रिकाम्या झाल्या!"

नरमीनला फक्त ‘रिकाम्या’ एवढंच ऐकू आलं. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

"एक विचारायचं होतं, राग मानू नका," शुक्रीसाहेब अदबीने म्हणाले. "ट्युनिसवाल्यांनी किमती आत्ताच दुप्पट लावल्यात.

"मेपर्यंत उरकेल ना तुमचं?"