जावयाचं जहाज

बेल वाजली तेव्हा सासूबाईंचा हात कोपरापर्यंत माशांच्या टाकीत होता. पितळेचं जहाज एकदाचं वाळूत टेकलं. त्यांनी ओली बाही खाली ओढली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि लेक-जावयाला दार उघडलं.

जहाज जावयाच्या हातचं होतं. तो कारखान्यात लेथवर काम करायचा. सासूबाईंना माशांचं भारी वेड, म्हणून लग्नानंतरची पहिली भेट त्याने स्वतः घडवली होती, डोलकाठीपासून नांगरापर्यंत, खास टाकीत ठेवायला. त्यांनी ती कौतुकाने ठेवलीही. आठवडा उलटायच्या आत तिन्ही मासे कोपऱ्यात रुसून बसले. मासे विकणाऱ्या दुकानदाराने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि माशांच्या जिवावर बेततं, तो म्हणाला. "कोणी दिलं हे तुम्हाला?" सासूबाईंना खोटं बोलता येत नसे. "जावयानं," त्या म्हणाल्या.

जहाज बाहेर आलं, मासे हिंडूफिरू लागले. प्रश्न राहिला जावयाचा.

"सांगून टाक त्याला," सासरे म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"काय सांगू? तुमच्या हौसेपायी आमचे मासे मरायला टेकले होते?"

तेव्हापासून जहाज चमच्यांच्या खणात राहायला गेलं. जावई यायचा असला की लिंबू लावून घासलं जायचं आणि टाकीत उतरायचं. त्याची पाठ वळली की परत खणात. "घरात तीन मासे आणि एक जावई," सासरे म्हणायचे. "चौघांची मर्जी सांभाळता सांभाळता हिच्या बाह्या काही सुकत नाहीत."

बाह्यांचं काही नाही. सासूबाईंचं खरं दुःख वेगळं होतं. जावई घरात टिकत नसे. खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा कढत कढत घशाखाली घालायचा आणि सारखा टाकीकडे बघत राहायचा. "अजून चमकतंय," म्हणायचा. "तुमच्या हाताचा गुण," सासूबाई म्हणायच्या. तेवढ्यात तो उठलेला असायचा. लेकीचं अर्धं वाक्य तोंडातच राहायचं. एकुलती एक लेक, तिचा नवरा, आणि तो पोस्टमनसारखा आला तसा जायचा. आपलं घर त्याला आवडत नाही, हे सासूबाईंनी मनाशी धरलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं.

आज त्यांनी त्याचं ताट आधीच वाढून ठेवलं होतं. त्याने चहा संपवला, टाकीकडे पाहिलं आणि उभा राहिला.

"आई, निघतो. जरा काम आहे."

"दर वेळी कसलं हो काम?" सासूबाईंना राहवलं नाही. "आमच्या घरात काटे टोचतात का तुम्हाला?"

"मलाही हेच विचारायचंय," लेक म्हणाली.

जावयाने बाही वर सारली, टाकीत हात घातला आणि जहाज काढून टेबलावर ठेवलं, ताटाशेजारी. पाणी निथळत होतं. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"मागे तुमच्यासाठी चौथा मासा घ्यायला त्या दुकानात गेलो होतो," तो म्हणाला. "एका बाईंच्या जावयानं काय अक्कल पाजळली, ते दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होता."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र गदगदा हलत होतं.

"मग बोलला का नाहीत?" सासूबाईंनी कसंबसं विचारलं.

"मासे धडधाकट, जहाज लख्ख. म्हणजे ते माझ्यापुरतंच आत जात असणार. तुम्ही एवढं माझं मन राखताय, ते मोडवेना." त्याने खुर्ची पुढे ओढली, ऐसपैस बसला आणि ताट जवळ घेतलं. "म्हटलं, आपण जितक्या लवकर उठू, तितकी लवकर माशांची सुटका."