निळी तीट

हणमंत जुन्या बॅटऱ्या फोडायच्या कारखान्यातून आला, अंगणातच साबण लावून न्हाला आणि मग लेकीला उचललं. तिच्या गालावरची काळी तीट निळी पडली. दवाखान्यातून मिळालेली ही तीट शिशाची धूळ जवळ आली की रंग बदलायची. त्याने लेकीला पटकन बायकोकडे, सुरेखाकडे दिलं.

"कपडे बदलले, डोकं धुतलं. आता कुठं राहिलंय हे शिसं?" तो वैतागला.

सुरेखाची नजर त्याच्या तेल लावून पीळ दिलेल्या मिशीवर गेली आणि तिथंच थांबली. मिशी म्हणजे त्याचा जीव.

हणमंत मिशी काढून आला. त्याने लेकीला पुन्हा घेतलं, तेव्हा तीट काळीच राहिली. लेक मात्र परका माणूस समजून किंचाळायला लागली.

"रड, पोटभर रड," म्हणत त्याने तिला आणखी घट्ट धरलं.