हनुवटीवरचं टिंब

पहिल्या महायुद्धानंतर अलेप्पोतल्या मिहरानच्या स्टुडिओत अनाथाश्रमातल्या आर्मेनियन मुली लग्नासाठी फोटो काढायला येत. वाळवंटातल्या टोळ्यांच्या तंबूंतून सोडवून आणलेल्या या मुलींच्या हनुवटीवर त्या टोळ्यांनी काढलेलं निळं गोंदण असे, आणि अमेरिकेतल्या नवऱ्यांना ते नको असे. मिहरान निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून ते नाहीसं करी.

आज त्यांच्यातलीच येरानुही शेजारी बसून बघत होती.

"काका, जमलं तर नाकही बारीक करा. नाहीतर अमेरिकेतला तो म्हातारा नवरा बोटीवरूनच परत पाठवायचा."

"नाक राहू दे. त्यालाही कुरकुरायला काहीतरी हवं." शेवटचं टिंब बुजवून तो म्हणाला, "झालं. आता तू कुठे गेलीच नव्हतीस."

येरानुही हसली नाही. ती भिंतीकडे पाहत होती.

"तिचं राहिलंय."

भिंतीवरच्या फोटोत मिहरानची मुलगी शुशान होती, सात वर्षांची, पांढऱ्या झग्यात. फोटो सहा वर्षांपूर्वीचा, तुर्कांनी आर्मेनियनांना वाळवंटात हद्दपार केलं त्याच्या आधीचा. शुशान वाटेतच मेली, असं त्याला लोकांनी सांगितलं होतं. त्याहून वाईट काही तिच्या वाट्याला आलं नाही, एवढाच त्याला आधार होता.

त्या तपकिरी फोटोत तिच्या हनुवटीवर एक निळं टिंब होतं.

मिहरानने त्यावर बोट घासलं. टिंब फ्रेमच्या काचेच्या आत होतं.

"हे कधी गोंदतात?" त्याने विचारलं.

"मुलगी न्हाती झाली की. नवऱ्याच्या तंबूत पाठवायच्या आधी," येरानुही म्हणाली. "पहिले काही दिवस सुजतं, मग उतरतं."

मिहरान फोटोवर झुकला. शुशानची हनुवटी सुजली होती.