येताना तिघं

"ट्रेन नको," सगुणा म्हणाली. "एसटी तर नकोच नको. आपली गाडी काढ."

नितेशने मोबाईल खाली ठेवला. रत्नागिरीहून कल्याणला जायला रेल्वेसारखं सुख नाही, हे तो आईला कालपासून समजावत होता. पनवेलला उतरायचं, पुढे टॅक्सी करायची. महामार्गाची खोदाखोद संपता संपत नव्हती आणि आईची कंबर काही धड नव्हती.

"तुलाच त्रास होईल, आई."

"होऊ दे. येताना कमळा असणार. पाय गेलेत तिचे. डब्यात काय खिडकीतून घालणार तिला?"

"मग ड्रायव्हर गौरवला पाठवूया. पेशंट न्यायची सवय आहे त्याला."

"गौरव नको. तूच चालव."

ही कमळा कोण, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "माझी जवळची," एवढंच सगुणा सांगायची. तिने मागची खोली झाडून खाट टाकून घेतली होती. सुनेने, ईशाने, दोनदा विचारून पाहिलं आणि नाद सोडला.

उजाडताच मायलेक निघाले. संगमेश्वर मागे पडलं. चिपळूणच्या अलीकडे नितेशच्या मनात काहीतरी चमकलं. त्याचे बाबा, भिकाजी, मुंबईकडे नोकरी करता करताच गेले. घरी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. त्यांच्याबद्दल गावातली माणसं काय कुजबुजायची, ते त्याने लहानपणी ऐकलं होतं.

"आई, ही बाबांची ती बाई का?"

सगुणा समोर रस्त्याकडे बघत राहिली. "होय."

त्याने करकचून ब्रेक मारला, गाडी कडेला घेतली.

"जिने तुझा संसार नासवला, तिला घरात आणायची? आणि तिचं हागणंमुतणं तू काढणार? मी गाडी वळवतो."

"वळव." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "मला तेवढं चिपळूणच्या स्टँडवर सोड. एसटीने जाईन. येताना ॲम्ब्युलन्स करीन. पण तिला घेतल्याशिवाय मी घरात पाऊल टाकायची नाही."

"का पण? तुझ्यासाठी काय केलंय तिने?"

"ऊन चढतंय. चालव."

एवढी हट्टाला पेटलेली आई त्याने कधी पाहिली नव्हती. दात-ओठ खात त्याने गाडी सुरू केली. दुपार टळल्यावर दोघं कल्याणला पोचली.

चाळीच्या तळमजल्यावरची खोली. शेजारणीने कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं. खाटेवर एक वाळून गेलेली बाई पडली होती. तिने सगुणाकडे पाहिलंच नाही. ती नितेशकडे बघत राहिली. सगुणाने पदराने तिचं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि मागे सरली.

"उचल तिला. हळू."

नितेशचा राग गेला नव्हता, तरी तो वाकला. बाईच्या अंगात वजन म्हणून नव्हतं. तिचा हात चाचपडत त्याच्या गालाला लागला, तशी त्याने मान काढून घेतली.

"गळ्याला धरा, मावशी," तो कोरड्या आवाजात म्हणाला.

"मावशी नको म्हणूस रे तिला," मागून सगुणा म्हणाली. "तू तिच्याच पोटचा. मी तुला ह्याच खोलीतून उचलून घरी नेला."