मालनताईचं दार

दिगंबर गल्लीत शिरला आणि दोन्ही बाजूंची दारं खटाखट बंद होत गेली. हात कुणीच लावला नव्हता. चौथ्या घरफोडीनंतर पोलिसांनी त्याच्या घोट्याला पट्टा बसवला होता. तो दहा पावलांवर आला की कुलपं आपोआप लागत. बंद दारापाशी घटकाभर रेंगाळलं तरी चौकीत भोंगा वाजे. गल्लीतल्या चोऱ्या थांबल्या होत्या, हे त्यालाही कबूल होतं.

शेवटचं घर बहिणीचं, मालनताईचं. रक्ताच्या नात्यालाही सूट नव्हती. गेल्या भाऊबीजेला तिनं खिडकीच्या काचेआडूनच ओवाळलं. टिळा राहिलाच, त्याआधी पोलीस आले.

आज पुन्हा भाऊबीज. खटका ऐकायच्या तयारीनं त्यानं मान खाली घातली, पण आवाज आलाच नाही. त्यानं वर पाहिलं. चौकट मोकळी होती. बिजागऱ्यांतून काढलेलं दार अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"ताई, हे काय केलंस? रात्री-अपरात्री चोर शिरला तर?"

"शिरू दे," निरांजन पेटवत मालनताई म्हणाली. "पाट मांडलाय. बस."