निरोगी लोकांची यादी

रक्तात नागिणीचे विषाणू किती असतात, हे मोजायला प्रतिकारशक्ती खचलेले वीस पेशंट मला आठवड्यात मिळाले. गाडी अडली ती तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी माणसांपाशी! मुलुंडच्या आमच्या सोसायटीत दारोदार फिरले, तर सगळ्यांचं एकच, "आम्हाला काय धाड भरलीय? आम्ही कशाला रक्त देऊ?"

अहो, धाड भरली नाही म्हणूनच तर तुम्ही हवे आहात ना!

शेवटी एकटे तळमजल्यावरचे नंदकुमारकाका स्वतःहून आले. नेमका त्यांचाच आकडा पेशंटांच्याही वर! मशीनला शिव्या घालत मी तीनदा तपासलं, मग तणतणत त्यांचं दार वाजवलं.

"काका, फॉर्मवर 'कसलाही आजार नाही' असं तुम्हीच लिहिलंत ना?"



"किमो चालू आहे गं. म्हटलं, एकदा तरी निरोगी लोकांच्या यादीत आपलं नाव लागू दे."